कट्ट्याचं लाईट बिल

'अंक निघाला का?' सप्टेंबर उजाडला की आमच्या कार्यालयात हा फोन येतोच. पलीकडे आमचे जुने वर्गणीदार, वय ८२. अंक दिवाळीच्या तोंडावर निघतो हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक आहे. अंकाची चौकशी अर्ध्या मिनिटात आटोपते. मग गुडघे, मग पाऊस, मग अमेरिकेतली नात. 'बरं, कामात असाल,' म्हणतात आणि आणखी पाच मिनिटं बोलतात.

एकटेपणाच्या या दुखण्यावर गोळी नाही, हे इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी केव्हाच ओळखलं. सॉमरसेटमधल्या फ्रोम या छोट्या गावात डॉ. हेलन किंग्स्टन यांनी २०१३ मध्ये दवाखान्याशी गावातली मंडळं, गप्पांचे अड्डे जोडून घेतले. एकट्या पडलेल्या पेशंटला चिठ्ठीवर माणसं लिहून द्यायची. २०१९ पासून अशी गाठ घालून देणाऱ्या 'लिंक वर्कर'चा पगार तिथली सरकारी आरोग्यसेवा देऊ लागली. पण तो ज्या बागकाम मंडळाकडे आजोबांना धाडतो, त्याचं भाडं, चहा, कुदळी? त्यासाठी मंडळाने देणग्या मागत फिरायचं. मध्यस्थाला मानधन आणि लग्नघर उधारीवर, असला प्रकार.

आपल्याकडे लग्नघर आहे, मध्यस्थ नाही. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा फेस्कॉम हा राज्यव्यापी महासंघ आहे, महापालिकांची विरंगुळा केंद्रं आहेत. आमच्या जवळच्या केंद्रात दोन सतरंज्या आणि एक कॅरम. राणी हरवली, तिच्या जागी कोटाचं लाल बटण. महिना वीस रुपये वर्गणीतून लाईट बिल भरतात. मार्चमध्ये ते थकलं, तेव्हा मंडळी आठ दिवस दिवेलागणीआधीच घरी परतत होती.

सरकारी पैसा वस्तूंवर लवकर सुटतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजूंना एकदाच ३,००० रुपये मिळतात, मुख्यतः चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी. हवेतच ते. पण काठी टेकत जायचं कुठे? आमच्या मते प्रत्येक केंद्रामागे एक पगारी माणूस हवा, भाडं नि बिलं सलग तीन वर्षं कुणीतरी उचलायला हवीत, आणि रिक्षाचे पैसेही. कारण कट्ट्यावर दिसतात ते मुळात हिंडतेफिरते. ज्यांना कट्ट्याची खरी गरज, त्यांना जिनाच उतरवत नाही.

आमचे वर्गणीदार त्या केंद्रापासून दोन गल्ल्यांवर राहतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. यंदा अंकासोबत केंद्राची वेळ चिठ्ठीवर लिहून पाठवली आहे. त्यांना हात धरून खाली कोण आणणार, यावर कार्यालयात अजून चर्चा चालू आहे.