मास्टर बॉलचे भक्त

गेल्या कोजागिरीस आमच्या वसाहतीतील मराठी कुटुंबे गच्चीवर जमली होती. दूध आटत होते, गाणी संपली होती, आणि परमुलखात चार मराठी माणसे एकत्र आली म्हणजे अखेरीस जे होते तेच झाले, वाद निघाला. विषय मात्र नेहमीचा नव्हता. एका सहकाऱ्यांचा दहा वर्षांचा मुलगा कोपऱ्यात पोकेमॉनचा खेळ खेळत बसला होता. पाण्यातला एक प्राणी त्याच्यासमोर आला. मुलाने आपली पिशवी उघडली, क्षणभर विचार केला आणि नेट बॉल निवडला. शेजारी बसलेले एक तरुण अधिकारी, ज्यांचे बालपण याच खेळात गेले, ते उद्गारले, "अरे, अल्ट्रा बॉल टाक आणि मोकळा हो! हे असले निरनिराळे बॉल म्हणजे पिशवीतली अडगळ." त्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "मुळात मुक्या प्राण्यांना डबीत कोंडण्याचा खेळच हवा कशाला?" मुलगा दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

आम्ही त्या रात्री गप्प बसलो. गच्चीवर श्रेणी नसते असे म्हणतात, पण असते. येथे ती अडचण नाही. म्हणून त्या दोन्ही सद्‌गृहस्थांस, आणि त्यांच्या मताच्या असंख्य लोकांस, आमचे उत्तर आम्ही येथे देत आहोत. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात मुलांच्या खेळाची चर्चा कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांना एवढेच सांगतो की, समोर आलेल्या जिवाकडे नीट पाहावे की न पाहता काम उरकावे, हा प्रश्न वाङ्मयाच्या बाहेरचा नाही, आणि आपल्या कचेऱ्यांच्याही बाहेरचा नाही.

प्रथम तरुण अधिकाऱ्यांचे म्हणणे घेऊ. ते हिशेबाचे आहे, तेव्हा उत्तरही हिशेबानेच द्यावे. या खेळात प्रत्येक प्राण्याला एक अंक दिलेला असतो. सहज हाती लागणाऱ्याला २५५, तर अत्यंत दुर्लभ व हट्टी प्राण्याला ३. आपण जो बॉल फेकतो त्याचा गुणक या अंकाला लागतो. २००२ साली जपानात आलेल्या रूबी आणि सफायर या खेळांत अल्ट्रा बॉलची किंमत १२०० आणि गुणक २ होता. नेट बॉलची किंमत १००० आणि गुणक, पाण्यातल्या प्राण्यांवर व किड्यांवर, ३ होता. म्हणजे २०० कमी मोजून दीडपट काम होत होते. अट एवढीच की, समोर कोण आहे हे फेकणाऱ्याने ओळखले पाहिजे. ओळख चुकली तर नेट बॉल साध्या बॉलइतकाच दुबळा. तेव्हा अल्ट्रा बॉलसाठी आपण जे जास्तीचे द्रव्य मोजतो ते सामर्थ्यासाठी मोजत नाही. विचार न करण्याच्या सवलतीसाठी मोजतो. ज्याला ती सवलत हवी त्याने ती अवश्य विकत घ्यावी. परंतु दहा वर्षांचा मुलगा विचार करीत असताना त्याला 'मोकळा हो' म्हणण्याचा अधिकार त्या खरेदीने मिळत नाही.

या पंथाचे आराध्यदैवत म्हणजे मास्टर बॉल. १९९६ सालच्या पहिल्या खेळापासून तो आहे. सिल्फ कंपनीचे अध्यक्ष आपली इमारत दुष्टांच्या हातून सुटल्याबद्दल तो भेट देतात. तो कधीच चुकत नाही. पण गंमत पाहा, तो मिळाल्यावर कित्येक खेळाडू तो वापरतच नाहीत. देवघरातल्या गंगेच्या गडूसारखा तो शेवटपर्यंत सीलबंद राहतो. ज्या साधनापुढे सर्व प्राणी सारखेच, ते नेमके कोणत्या प्राण्यासाठी खर्चावे हे ठरविता येत नाही. सर्वांवर चालणारे साधन अखेर कोणावरच चालत नाही, हा अनुभव ज्यांनी एकच नमुना-पत्र सर्व प्रकरणांना लावून पाहिले आहे त्यांना निराळा सांगावयास नको.

खेळाचा जनक सातोशी ताजिरी १९६५ साली जन्मला आणि टोकियोजवळच्या माचिदा भागात वाढला. त्या वेळी तेथे तळी होती, झाडी होती आणि किडे धरण्याचा मुलांना छंद होता. पुढे घरे उठली, तळी बुजली, किडे गेले. त्या हरवलेल्या आनंदातून हा खेळ जन्मला असे त्याने स्वतःच सांगितले आहे. त्याने सांगितलेली एक आठवण आम्हांस फार मोलाची वाटते. इतर मुले भुंगेरे पकडण्यासाठी झाडाच्या सालीला मध लावीत. ताजिरीने झाडाखाली दगड ठेवला. कारण भुंगेरे दिवसा झोपतात आणि त्यांना दगडाखाली झोपणे आवडते, हे त्याने हेरले होते. तो दगड हाच पहिला विशेष बॉल होय. त्यात यंत्र नाही, जोर नाही, खर्च नाही. आहे ते केवळ त्या किड्याविषयीचे ज्ञान.

हे तत्त्व १९९९ सालच्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांत पूर्ण रूपास आले. अझेलिया गावात कर्ट नावाचा एक वृद्ध कारागीर राहतो. झाडावरून सात रंगांची फळे आणून त्याला द्यावयाची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावयाचे. तो त्या फळापासून बॉल घडवून देतो. फळाच्या रंगाप्रमाणे बॉल ठरलेला. निळ्या फळाचा बॉल गळाला लागलेल्या प्राण्यासाठी, काळ्याचा वजनदार प्राण्यासाठी, पिवळ्याचा चंद्रशिळेने रूप पालटणाऱ्यासाठी, पांढऱ्याचा पळपुट्यासाठी. काळ्या फळाचा हेवी बॉल ४६० किलोच्या स्नॉरलॅक्सवर उपयोगी पडे, पण हलक्या प्राण्यावर फेकला तर उलट तोटाच होई. झाडावर दिवसाला एकच फळ, आणि खेळातले घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालणारे. आज हवा असलेला बॉल काल सुचला पाहिजे, असा हा हिशेब होता.

या व्यवस्थेतील दोष आम्ही लपवीत नाही. त्या खेळाच्या आज्ञावलीत चुका राहिल्या होत्या. भिन्नलिंगी प्राण्यासाठी केलेला लव्ह बॉल प्रत्यक्षात समलिंगीवर चाले. मून बॉलमध्ये चंद्रशिळेच्या क्रमांकाऐवजी भाजल्यावरच्या औषधाचा क्रमांक पडला होता, त्यामुळे तो साध्या बॉलहून काडीमात्र सरस नव्हता. पळपुट्यांसाठीचा फास्ट बॉल सर्व पळपुट्यांऐवजी केवळ तीन प्राण्यांना ओळखत होता. प्रतिपक्षाचे लोक याच चुकांकडे बोट दाखवून म्हणतात, 'पाहा तुमचे विशेष बॉल!' परंतु एका रकान्यात चुकीचा क्रमांक पडला म्हणून तो रकानाच नको, असे म्हणणाऱ्या कारकुनाला आपण काय म्हणू? क्रमांक दुरुस्त करावयाचा असतो. पुढील आवृत्त्यांत तो झालाही.

आमची खरी तक्रार चुकांबद्दल नाही. ती जाणूनबुजून केलेल्या बदलांबद्दल आहे, आणि तिचा रोख आता खेळाडूंकडून निर्मात्यांकडे वळतो. टायमर बॉल हा संयमाचा बॉल. लढत जितकी लांबेल तितके त्याचे बळ वाढे, आणि पूर्ण चौपट बळ येण्यास ३० खेळ्या लागत. क्विक बॉल हा घाईचा बॉल, २००६ साली आलेला. पहिल्याच खेळीस फेकला तर गुणक ४, पुढे १. एकाला धीर धरावा लागे, दुसऱ्याला नाही. तरी अखेरचे फळ दोघांचे सारखे होते. येथवर आमचे काही म्हणणे नाही. पण २०१० सालच्या ब्लॅक आणि व्हाइट या खेळांत काय केले? क्विक बॉलचा गुणक ४ वरून ५ वर नेला आणि टायमर बॉलच्या ३० खेळ्या जवळपास १० वर आणल्या. घाईचे पारितोषिक वाढविले आणि संयमाची परीक्षा सोपी केली. परिणाम असा झाला की, आजचा खेळाडू कोणताही प्राणी दिसताच प्रथम क्विक बॉल फेकतो आणि मग तो प्राणी कोण होता हे पाहतो. विशेष बॉल म्हणून जन्मलेला हा बॉल वस्तुतः अल्ट्रा बॉलचाच भाऊबंद आहे. त्याची अट प्राण्याविषयी नाही, आपल्या अधीरतेविषयी आहे.

आणि कर्टचे काय झाले? स्वोर्ड आणि शील्ड या २०१९ सालच्या खेळांना २०२० मध्ये जी पुरवणी जोडण्यात आली, तीत ती रंगीत फळे परत आली खरी, पण कारागीर आला नाही. त्याच्या जागी एक यंत्र आले. त्यात चार फळे टाकावयाची आणि दैवाची वाट पाहावयाची. बहुतेक वेळा नेहमीच्यांपैकी एखादा बॉल बाहेर पडतो, क्वचित् कर्टच्या घडणीचा. जेथे पूर्वी काळे फळ दिले की हेवी बॉल मिळणार हे निश्चित होते, तेथे सोडत आली. ज्ञानाने मिळणारी वस्तू नशिबाच्या हवाली करणे याहून मोठा अपमान कारागिरीचा होऊ शकत नाही. २०२२ सालच्या लेजेंड्स आर्सेउस या खेळात खेळाडूने स्वतः फळ आणि दगड जमवून बॉल घडविण्याची रीत आली, हे निर्मात्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. म्हणजे त्यांना उमज नाही असे नव्हे. २०१६ सालच्या बीस्ट बॉलमध्येही तो दिसतो. अन्य जगातून आलेल्या विवक्षित प्राण्यांवर त्याचा गुणक ५, आणि इतर सर्वांवर दशांश. एका कामासाठी घडविलेले साधन दुसऱ्या कामास लावू नये, हे त्यात स्पष्ट बजावले आहे.

आता ज्येष्ठ गृहस्थांच्या आक्षेपाकडे वळू. प्राण्यास कोंडणे वाईट, हे आम्हांस मान्य आहे, आणि खेळातील प्राणी खरा नसतो असे म्हणून आम्ही सुटका करून घेणार नाही. परंतु त्यांनी पिशवी नीट पाहिली असती तर त्यांना तीत तीन असे बॉल दिसले असते की, ज्यांचा फेकणाऱ्याला धरण्याच्या कामी कवडीचा उपयोग नाही. लक्झरी बॉलचा गुणक साध्या बॉलचा. पण त्यात राहणाऱ्या प्राण्याचा जिव्हाळा लवकर वाढतो. हील बॉलमध्ये येताच प्राण्याच्या जखमा भरतात. कर्टच्या फ्रेंड बॉलमध्ये येणाऱ्याचा स्नेह २५५ पैकी एकदम २०० वर जातो. या तिन्हींत झीज फेकणाऱ्याची आणि लाभ पकडल्या गेलेल्याचा. ज्या खेळात असा बॉल निवडता येतो, त्या खेळाने मुलाला केवळ कोंडण्याची विद्या शिकविली असे कसे म्हणावे? उलट, एकच सर्वसमर्थ बॉल असता तर हा आक्षेप खरा ठरला असता. विशेष बॉल आहेत म्हणूनच तो खोटा ठरतो. अडगळ म्हणून ते फेकून देऊ पाहणारे तरुण अधिकारी ज्येष्ठांच्या आक्षेपाला नकळत बळ देत आहेत.

शेवटची एक गोष्ट आमच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. २००२ पासून प्रत्येक प्राणी ज्या बॉलमध्ये सापडला त्याच बॉलमधून जन्मभर बाहेर येतो. तो कितीही वाढो, रूप पालटो, दुसऱ्या खेळाडूकडे जावो. ती नोंद पुसत नाही. २०१३ पासून तर आईचा बॉल पिलाकडेही जाऊ लागला. आपल्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची येथे कोणाला आठवण होणार नाही? सरळ भरतीने आला की बढतीने, कोणत्या परीक्षेने, कोणत्या ठिकाणी रुजू झाला, हे वीस वर्षांनी तिसऱ्या प्रांतातल्या कचेरीतही आपल्याआधी पोहोचलेले असते. ज्याने आपल्याला प्रथम ओळखून, आपल्याला शोभेल अशा कामावर घेतले, त्याचे नाव आपण विसरत नाही. आणि ज्याने यादीतला पुढचा क्रमांक म्हणून जागा भरली, त्याचे नाव आपल्याला मुळात ठाऊकच नसते.

म्हणून निर्मात्यांकडे आमचे मागणे आहे की, टायमर बॉलच्या तीस खेळ्या परत द्याव्यात, क्विक बॉलचे बळ कमी करावे, आणि सोडतीच्या यंत्राच्या जागी कर्टला पुन्हा बसवावे. तरुण अधिकाऱ्यांकडे मागणे इतकेच की, त्यांनी पुढच्या कोजागिरीस त्या मुलाशेजारी बसावे आणि न बोलता पाहावे. त्या रात्री त्याचा नेट बॉल तीनदा हलला, आणि मिटला. प्राणी हाती आला होता. वादाच्या भरात तो कोणीही पाहिला नाही.