समुद्राच्या संशोधनाचा ‘इम्पॅक्ट’ मोजायचा कसा?

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स आणि ६,३०० च्या आसपास सरकारी शिक्षण व संशोधन संस्था, असा हा मोठा व्यवहार आहे. आधी जे शोधनिबंध फक्त मोठ्या संस्थांमधल्या लोकांना वाचता यायचे, ते आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी कॉलेजातल्या विद्यार्थ्यालाही उघडता येऊ शकतात.

हे चांगलंच झालं. पण वाचायला मिळणं हा अर्धाच प्रश्न आहे. संशोधक कोणता विषय निवडतो, त्यावर किती वर्षं घालवतो आणि निष्कर्ष कुठे छापतो, हे ज्या मोजपट्टीवर ठरतं तिचं काय? समुद्रविज्ञानात हा प्रश्न जास्त टोकदार होतो. कारण इथल्या संशोधनाचा संबंध थेट मच्छीमाराच्या जाळ्याशी आणि वादळाच्या इशाऱ्याशी येतो.

सध्या चाललंय काय?

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे ‘महासागर विज्ञान दशक’ म्हणून जाहीर केलंय. युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागर आयोगाने २०२० मध्ये जगभरातल्या समुद्र-संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार देश आपल्या एकूण संशोधन खर्चापैकी सरासरी फक्त १.७ टक्के रक्कम समुद्रविज्ञानावर खर्च करतात. पृथ्वीचा ७० टक्के पृष्ठभाग पाण्याखाली असताना हा आकडा लहानच म्हणायचा.

पैसा कमी असला तरी शोधनिबंधांची संख्या मात्र वाढतेच आहे. आधी या क्षेत्रावर अमेरिका आणि युरोपचा पगडा होता. गेल्या दोन दशकांत पूर्व आशियाचा, त्यातही चीनचा वाटा झपाट्याने वाढला. विषयही बदलले. हवामान बदल, पाण्यातला ऑक्सिजन, आम्लता, प्लास्टिक आणि खोल समुद्रातली खनिजं हे आजचे चलती असलेले विषय आहेत. भारतानेही २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांचं ‘डीप ओशन मिशन’ मंजूर केलं. माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी त्याचाच भाग आहे.

निबंध वाढले म्हणजे त्यांची प्रतवारी लावायची गरजही वाढली. तिथेच इम्पॅक्ट फॅक्टर येतो.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नेमकं काय?

गणित सोपं आहे. समजा एका जर्नलने २०२२ आणि २०२३ मिळून २०० निबंध छापले. २०२४ मध्ये इतर संशोधकांनी त्या निबंधांचा ६०० वेळा संदर्भ दिला. मग ६०० भागिले २०० म्हणजे ३ हा त्या जर्नलचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर.

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हा आकडा जर्नलचा असतो, एकेका निबंधाचा नाही. जर्नलमधल्या चार-पाच निबंधांना भरपूर संदर्भ मिळाले तरी सरासरी वर जाते आणि बाकीचे त्या सरासरीवर मिरवून घेतात. दोन, हिशोब फक्त मागच्या दोन वर्षांचा असतो. तिसऱ्या किंवा तिसाव्या वर्षी कुणी संदर्भ दिला, तर या आकड्यात तो धरलाच जात नाही.

ग्रंथालयाने कोणती जर्नल्स विकत घ्यावीत हे ठरवायला मदत व्हावी, म्हणून या आकड्याचा वापर सुरू झाला होता. पुढे तो नोकरी, बढती आणि अनुदान ठरवायलाही वापरला जाऊ लागला. जैवतंत्रज्ञानासारख्या वेगवान क्षेत्रात दोन वर्षांत बरंच काही घडतं. समुद्राच्या बाबतीत काय होतं, ते गोव्याच्या एका उदाहरणावरून पाहू.

कांदोळीसमोरचं पाणी

दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (म्हणजेच ‘एनआयओ’ने) १९९७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यासमोर एक ठिकाण नक्की केलं. त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जायचं, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी घ्यायचं आणि त्यातला ऑक्सिजन, क्षार, पोषकद्रव्यं मोजायची, असं हे काम. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण याच कामातून पश्चिम किनाऱ्याचं एक मोठं कोडं उलगडत गेलं.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर सरकतं. त्यात खतासारखी पोषकद्रव्यं भरपूर असतात, पण ऑक्सिजन कमी असतो. वरून पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी येऊन झाकणासारखं बसतं, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली पोहोचत नाही. मेलेलं प्लवक तळाशी कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही भागांत तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. अशा पाण्यात तळाशी राहणाऱ्या माशांचा निभाव लागत नाही.

एनआयओच्या वजीह नक्वी आणि सहकाऱ्यांचा याविषयीचा निबंध २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. ऑक्सिजनची ही टंचाई तीव्र होते आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, हे त्यांनी दाखवलं.

आता प्रश्न असा, की ‘तीव्र होते आहे’ हे कशावरून म्हणता येतं? आज मोजलेलं ज्याच्याशी ताडून पाहायचं, अशी जुनी नोंद असेल तरच. कार्ल बान्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९५९ मध्येच भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वर येणारं पाणी आणि ट्रॉलरला मिळणारे तळाचे मासे यांच्या संबंधावर लिहिलं होतं. तो निबंध छापला होता भारतीय सागरी जीवशास्त्र संघटनेच्या जर्नलने, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीत मान मिळेल अशा ठिकाणी नव्हे. तरी पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑक्सिजनचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्या निबंधापर्यंत मागे जावं लागतं.

कांदोळीसारख्या कामात पहिली काही वर्षं ‘नवीन’ म्हणावं असं फारसं हाती लागत नाही. खरी किंमत येते पंधरा-वीस वर्षांनी. दोन वर्षांच्या मोजपट्टीवर तरुण संशोधकाची बढती ठरणार असेल, तर त्याने दर महिन्याला बोटीत बसून बाटल्या भरायला का जावं? दुसऱ्याच्या डेटावर मॉडेल चालवून वर्षाला तीन निबंध काढणं त्याला जास्त सोयीचं पडतं.

मासे खरंच गोंधळतात का?

या मोजपट्टीचा दुसरा तोटा म्हणजे चमकदार निष्कर्षांना मिळणारं झुकतं माप. समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याचं पाणी हळूहळू आम्लतेकडे झुकतं, हे पक्कं माहीत आहे. २००९ च्या सुमारास काही निबंधांनी पुढचा दावा केला. अशा पाण्यात प्रवाळातल्या माशांची वास घेण्याची शक्ती बिघडते आणि ते शत्रूपासून पळण्याऐवजी त्याच्याकडेच जातात, असा तो दावा होता. बातमी जगभर गाजली, निबंध नामांकित जर्नल्समध्ये आले आणि संदर्भांचा पाऊस पडला.

२०२० मध्ये दुसऱ्या एका गटाने तीन वर्षं, सहा जातींच्या ९०० हून अधिक माशांवर हेच प्रयोग पुन्हा करून पाहिले. तो परिणाम दिसलाच नाही. २०२२ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त ९१ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. सुरुवातीच्या अभ्यासांत दिसलेला प्रचंड परिणाम नंतरच्या अभ्यासांत जवळपास शून्यावर आल्याचं त्यात दिसलं. सर्वांत मोठा परिणाम सांगणारे अभ्यास बऱ्याचदा कमी माशांवर केलेले होते, आणि तेच वरच्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नल्समध्ये छापले गेले होते.

यावरून आम्लतेचा धोका खोटा ठरत नाही. शिंपले आणि प्रवाळ यांच्यावरचा परिणाम वेगळा आहे आणि तो अनेकांनी तपासलेला आहे. पण ‘मोठ्या जर्नलमध्ये आलं म्हणजे खरंच असणार’ हे गृहीत धरता येत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

संदर्भांच्या पलीकडचा इम्पॅक्ट: आर्गो

आता उलट उदाहरण बघू. जगभरच्या समुद्रांत आज सुमारे ४,००० आर्गो फ्लोट तरंगताहेत. हा माणसाच्या उंचीचा, नळकांड्यासारखा रोबो असतो. तो १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत खाली जातो आणि वर येताना तापमान व क्षारता मोजतो. वर आला की उपग्रहामार्फत आकडे पाठवून पुन्हा बुडी मारतो. हे आकडे साधारण २४ तासांच्या आत सगळ्यांसाठी मोफत खुले होतात. पासवर्ड नाही, वर्गणी नाही. भारतातर्फे हे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते.

या एका निर्णयामुळे, म्हणजे डेटा लगेच आणि फुकट देण्यामुळे, आर्गोच्या आकड्यांवर हजारो निबंध निघाले. ज्या देशांकडे संशोधन जहाज नाही, तिथल्या विद्यार्थ्यांनाही खऱ्या समुद्राच्या डेटावर काम करता आलं. शिवाय हेच आकडे चक्रीवादळाच्या अंदाजातही वापरले जातात. वादळाला ताकद मिळते ती समुद्राच्या वरच्या थरात साठलेल्या उष्णतेतून, आणि ती उष्णता किती खोलवर आहे हे उपग्रहाला थेट दिसत नाही, फ्लोटला कळतं.

पण हे जाळंही फुकट चालत नाही. फ्लोटची बॅटरी काही वर्षांत संपते, म्हणून दरवर्षी शेकडो नवे सोडावे लागतात. त्यातले जवळपास निम्मे अमेरिकेचे असतात. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ‘नोआ’ या अमेरिकी संस्थेचा समुद्र व वातावरण संशोधनाचा विभागच बंद करण्याचा प्रस्ताव पुढच्या अर्थसंकल्पात मांडला. प्रस्ताव म्हणजे निर्णय नव्हे, तिथे पैशाचा शेवटचा शब्द संसदेचा असतो. तरी एका देशाच्या अर्थसंकल्पावर अरबी समुद्राच्या नोंदी इतक्या अवलंबून असाव्यात का, हा विचार भारताने करायलाच हवा.

वाचायला पैसे, नाहीतर छापायला पैसे

जर्नल्सचे मुख्य दोन प्रकार. पहिल्यात वाचकाने किंवा त्याच्या संस्थेने पैसे भरायचे. दुसरा प्रकार ओपन ॲक्सेस, यात वाचन मोफत, पण छापण्याचं शुल्क लेखकाने भरायचं. हे शुल्क किती असावं? ‘नेचर’ने २०२१ पासून ओपन ॲक्सेसचा पर्याय दिला तेव्हा एका निबंधाचा दर ९,५०० युरो होता, म्हणजे आठ लाख रुपयांहून जास्त. भारतातल्या मध्यम प्रकल्पाचं वर्षाचं बजेट यात संपू शकतं.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ने मुख्यतः पहिल्या प्रकाराची अडचण सोडवली. तीही सरकारी संस्थांपुरती. पत्रकार, मच्छीमार संघटना किंवा किनाऱ्यावर काम करणारी छोटी सामाजिक संस्था यांना तो दरवाजा अजून बंदच आहे.

मोफत मार्ग आधीपासून आहे, पण त्याकडे दुर्लक्ष होतं. केंद्राच्या विज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्येच धोरण केलं, की आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाची अंतिम प्रत खुल्या संग्रहात ठेवा. एनआयओचा असा ऑनलाइन संग्रह आहे. ‘इंडियन जर्नल ऑफ जिओ-मरीन सायन्सेस’ हे सरकारी जर्नलही कुणालाही मोफत वाचता येतं. पण संशोधकाला गुण मिळतात ते वरच्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या परदेशी जर्नलचे. मग आपलं चांगलं काम तो घरच्या जर्नलला का देईल? चांगलं काम येत नाही म्हणून जर्नलचा आकडा वाढत नाही, आणि आकडा वाढत नाही म्हणून काम येत नाही.

कोकणाला यातून काय?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा आढावा घेतला. १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात त्यांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यात दिसलं. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधलं ‘तौक्ते’ कोकण विसरलेलं नाही. जवळपास चार दशकांच्या नोंदी हाताशी होत्या म्हणूनच ही तुलना करता आली.

इन्कॉइस उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि प्लवकाचं प्रमाण पाहून मासे कुठे सापडण्याची शक्यता जास्त, याची सूचना मराठीतही देते. त्या सूचनेवर भरवसा ठेवून बोट कुठे न्यायची हे हर्णैच्या किंवा मालवणच्या मच्छीमाराने ठरवलं आणि डिझेल वाचलं, तर तो संशोधनाचा खराखुरा इम्पॅक्ट आहे. पण कुठल्याही जर्नलच्या आकड्यात तो मोजला जात नाही.

मग मोजायचं काय?

इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसांची पारख करू नका, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ पासून आहे. समुद्रविज्ञानापुरतं बोलायचं तर तीन गोष्टी लगेच करता येतील. चांगल्या प्रतीचा डेटा गोळा करून खुला करणं हे शोधनिबंधाइतकंच काम म्हणून बढतीत धरा. कांदोळीसारख्या नोंदींना तीन वर्षांच्या प्रकल्पात न बसवता कायमचा निधी द्या, जसा हवामान खात्याच्या पर्जन्यमापकांना मिळतो. आणि सार्वजनिक पैशातून निघालेल्या प्रत्येक निबंधाचा सोपा सारांश किनाऱ्यावरच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत आणि कोकणीत, प्रसिद्ध करणं सक्तीचं करा.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा पहिला टप्पा २०२७ अखेर संपतो. पुढचा करार करताना फक्त ‘किती जर्नल्स वाचायला मिळाली’ एवढाच हिशोब मांडला गेला, तर प्रकाशकांचं भलं होईल. समुद्राच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाचं त्यात काय झालं, हेही तेव्हा विचारलं गेलं पाहिजे. आज न घेतलेली नोंद २०५० मध्ये कितीही पैसे मोजले तरी विकत मिळणार नाही.