रोलर बदलला, सवय जुनीच

पावसाळा ओसरला की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत डांबरीकरणाचा हंगाम सुरू होतो. रात्री उशिरा वाहतूक वळवून रस्त्यावर खडी-डांबराचे गरम मिश्रण अंथरले जाते, त्यावरून रोलर फिरतो आणि सकाळी कामावर निघालेल्या नागरिकांना काळाकुळकुळीत रस्ता दिसतो. पुढच्या जुलैत त्याच ठिकाणी खड्डे पडले, की चर्चा सुरू होते ती डांबराच्या दर्जाची, ठेकेदाराच्या निष्काळजीपणाची आणि पालिकेच्या ढिलाईची. ही चर्चा अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र तीत एक माणूस कायम निसटतो. तो म्हणजे त्या रात्री रोलरवर बसलेला ऑपरेटर. त्याच्या हाताखालचे यंत्र गेल्या काही दशकांत मुळापासून बदलले. ते चालवण्याची रीत मात्र त्याला कोणी रीतसर शिकवली, असे सहसा घडत नाही.

जुन्या पिढीला रस्त्याच्या कडेला उभा असलेला तीन चाकांचा बोजड रोलर आठवत असेल. कोलकात्याच्या जेसप कंपनीचे असे रोलर देशभर होते. इंजिन, क्लच, गिअर आणि लोखंडी चाके असा तो सरळ हिशेब होता. दिशा बदलायची तर यंत्र आधी थांबवावे लागे, मग दांडा ओढावा लागे. त्याची जागा आता दोन गुळगुळीत ड्रमच्या, कंपन करणाऱ्या रोलरने घेतली आहे आणि त्यात बहुधा हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असते. म्हणजे इंजिनाची शक्ती गिअरच्या दात्यांमधून चाकांकडे जात नाही. इंजिन एक पंप फिरवते, पंप दाबाखालचे तेल मोटरकडे पाठवतो आणि ती मोटर ड्रमला गती देते. पंपात एक तिरकी होणारी चकती असते. ऑपरेटरच्या हातातील दांडा त्या चकतीचा कोन बदलतो. चकती सरळ असेल तर तेल वाहत नाही आणि यंत्र जागीच उभे राहते. पुढे कलली तर यंत्र पुढे जाते, मागे कलली तर मागे. क्लच नाही, गिअर नाही.

गिअरच्या मोटारीवरून विनागिअर मोटारीवर आलेल्या कोणालाही पहिल्या आठवड्याचा अनुभव ठाऊक असतो. डावा पाय उगाच क्लच शोधत राहतो. रोलरच्या बाबतीत फरक याहून खोल आहे. ट्रक वा ट्रॅक्टर चालवून आलेल्या माणसाच्या अंगात एक समज मुरलेली असते, की वेग अ‍ॅक्सिलरेटरने वाढतो आणि ब्रेकने कमी होतो. येथे इंजिन ठरावीक फेऱ्यांवर स्थिर ठेवायचे आणि वेगाचा सगळा कारभार दांड्याकडे सोपवायचा असतो. दांडा मधोमध आणणे हाच रोजचा ब्रेक. डिझेल वाचवण्याच्या जुन्या सवयीने इंजिन मंद ठेवून काम रेटले, तर पंपाला पुरेसा जोर मिळत नाही आणि कंपनही अपुरे पडते. उलट, यंत्र आपसूक घरंगळत थांबेल या अपेक्षेने दांडा एकदम मध्यावर आणला, तर ते जागच्या जागी गचका खाऊन थांबते. गायमुख घाटासारख्या उतारावर असा गचका बसला, की नवखा ऑपरेटर घाबरून आपत्कालीन ब्रेक दाबतो आणि ड्रम जाम होतात.

गचक्याने ऑपरेटरची पाठ दुखत असेल, पण नागरिकांच्या दृष्टीने खरा प्रश्न गचका कोठे बसतो हा आहे. तो बसतो ताज्या, गरम डांबरावर. रोलर झटक्यात थांबून उलटा फिरला, की ड्रमपुढचे मऊ मिश्रण ढकलले जाते आणि तेथे आडवी लाट उठते. यंत्र उभे असताना कंपन चालूच राहिले तर खळगा पडतो. म्हणून आधी रोलर हलवायचा, मग कंपन सुरू करायचे; थांबताना आधी कंपन बंद करायचे, मग दांडा हळूहळू मध्यावर आणायचा, हा क्रम हाताला बसावा लागतो. जुन्या रोलरमध्ये अशी घाई करण्याची सोयच नव्हती. नव्यात दिशा बदलणे मनगटाच्या एका हिसक्याचे काम झाले आहे आणि नेमकी तीच सोय अंगाशी येते.

वेगाचेही तसेच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रस्तेबांधणीच्या मानकांनुसार डांबरी थरावर रोलरचा वेग ताशी ५ किलोमीटरपेक्षा जास्त असू नये. म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. कंपन करणारा ड्रम सेकंदाला साधारण ५० ठोके देतो असे धरले, तर ताशी ५ किलोमीटर वेगाने रस्त्याच्या प्रत्येक मीटरवर सुमारे ३६ ठोके पडतात. वेग दुप्पट झाला की ठोके निम्मे, म्हणजे १८ होतात. वरून पाहणाऱ्याला दोन्ही रस्ते सारखेच दिसतात. आत मात्र एका थरात पोकळ्या जास्त राहतात, पहिल्या मोठ्या सरीचे पाणी त्यांत शिरते आणि अवजड वाहनांची चाके उरलेले काम करतात.

आता ऑपरेटर घाई का करतो, हेही पाहिले पाहिजे. त्याच मानकांनुसार व्हीजी-३० या सर्रास वापरल्या जाणाऱ्या डांबराचे मिश्रण अंथरताना किमान १४० अंश सेल्सिअस तापमानाचे असावे आणि ते ९० अंशांखाली जाण्यापूर्वी दाबून व्हावे, अशी अपेक्षा आहे. प्रकल्पातून निघालेला डंपर घोडबंदर रस्त्यावर किंवा शिळफाट्याला कोंडीत सापडला, की मिश्रण निवू लागते. डंपर पोहोचतो तेव्हा हातात वेळ कमी उरलेला असतो, पहाटे रस्ता खुला करायचा असतो आणि रोलरच्या दांड्यात ताशी १० किलोमीटरचा वेग उपलब्ध असतो. अशा वेळी दांडा किती पुढे ढकलायचा, हा निर्णय त्या एका माणसाचा. त्याच्यामागे उभा असलेला पर्यवेक्षक बहुधा मिश्रणाच्या फेऱ्या मोजत असतो, रोलरचा वेग नव्हे.

रोलरच्या तुलनेत नालेसफाईतील यंत्राची गोष्ट अधिक धोक्याची आहे. डोंबिवलीच्या अरुंद गल्ल्यांत, जुन्या ठाण्याच्या पेठांत जेथे जेसीबी वळत नाही, तेथे ‘बॉबकॅट’ या नावाने ओळखला जाणारा छोटा लोडर वापरला जातो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५७ मध्ये केलर बंधूंनी टर्की पक्ष्यांच्या खुराड्यातील घाण उपसण्यासाठी अशा यंत्राचा पहिला नमुना बनवला. गल्लीतला गाळ उपसणे हे काम त्या मूळ कामापासून फार दूर नाही! या यंत्राला स्टिअरिंग नसते. डाव्या बाजूच्या चाकांना एक पंप-मोटर, उजव्या बाजूला दुसरी. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे फिरवली, की यंत्र जागेवर गर्रकन फिरते. जेसीबी चालवणाऱ्याला हे सहज जमेल असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक आपल्याकडचा नेहमीचा जेसीबी, म्हणजे बॅकहो लोडर, टॉर्क कन्व्हर्टर आणि गिअरवर चालतो; त्याला स्टिअरिंग आणि पायाचा ब्रेक असतो. त्या सवयीने बॉबकॅटमध्ये बसणे म्हणजे सायकल येते म्हणून होडी वल्हवण्यासारखे आहे.

चढाचे उदाहरण बोलके आहे. वाहन चढ चढते ते तोंड वर करून, हे कोणत्याही चालकाला शिकवावे लागत नाही. बॉबकॅटचे बकेट रिकामे असताना त्याचे वजन मागे, इंजिनाकडे असते. त्यामुळे रिकामे यंत्र चढावर उलटे न्यायचे आणि बकेट भरलेले असेल तरच तोंडाने चढायचे. जड बाजू नेहमी चढाकडे. गाळाने निसरड्या झालेल्या नाल्याच्या उतारावर हा नियम ऐन वेळी आठवून चालत नाही, तो अंगवळणी पडलेला असावा लागतो. अंगावर ओढायचा सुरक्षा दांडा वर असेल तर बहुतेक यंत्रांत हालचाल बंद होते. ही कटकट वाटून तो दांडाच निकामी करण्याचा मोह ज्याला होतो, त्याला त्याचे कारण कोणी समजावून सांगितलेले नसते.

यंत्र बंद पडले, तर आणखी एक अडचण. गिअरची गाडी न्यूट्रल करून ढकलता येते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक. हायड्रोस्टॅटिक यंत्राचे इंजिन थांबले की ब्रेक आपोआप लागतो आणि मोटरमध्ये तेल कोंडलेले राहते. ते वळवण्यासाठी असलेली झडप उघडल्याशिवाय आणि ब्रेक सोडवल्याशिवाय साखळी बांधून ओढले, तर मोटर आणि ब्रेक दोन्ही निकामी होतात. कल्याण-शीळ रस्त्यावर सकाळी आठ वाजता रोलर बंद पडला, तर तो बाजूला कसा घ्यायचा हे माहीत असणे ही मग केवळ ऑपरेटरची गरज राहत नाही.

कायद्याची स्थिती काहीशी गमतीची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या कलमात परवान्याचे प्रकार दिले आहेत. दुचाकीसाठी विनागिअर आणि गिअरसह असे दोन वेगळे प्रकार तेथे आहेत. रोड रोलर हाही स्वतंत्र प्रकार आहे. पण तो एकच. जेसपचा रोलर हाकलेल्या माणसाचा परवाना आजच्या हायड्रोस्टॅटिक रोलरलाही पुरतो. कॉलेजला स्कूटर नेणाऱ्या मुलीच्या हाताखाली गिअर आहे की नाही याची नोंद सरकार घेते, दहा टनी यंत्राच्या बाबतीत घेत नाही. बॉबकॅटसारखी यंत्रे तर ‘विशिष्ट वर्णनाचे वाहन’ या ढोबळ सदरात जातात. यंत्रांकडे शासनाचे लक्ष नाही असे मात्र नाही. बांधकाम यंत्रांसाठी सुरक्षेचे नियम २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कडक झाले, धुराचे नवे निकष जानेवारी २०२५ पासून लागू झाले. ऑपरेटरांच्या प्रशिक्षणासाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल ही संस्था आहे, तिचे अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रेही आहेत. प्रत्यक्षात बहुतेक ऑपरेटर घडतो तो हेल्पर म्हणून. दोन-चार वर्षे उस्तादाच्या शेजारी उभे राहायचे, जेवणाच्या सुट्टीत दांडा हाताळायचा आणि एखाद्या दिवशी उस्ताद आला नाही, की सीटवर बसायचे. उस्ताद स्वतः गिअरच्या जमान्यातला असेल, तर त्याच्या सवयीही वारशाने येतात.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून ती वसूल करण्याचा मार्गही मोकळा केला. त्यामुळे रस्ता का उखडला याचा शोध आता पूर्वीपेक्षा काटेकोरपणे घ्यावा लागेल. या शोधात मिश्रणाचा नमुना प्रयोगशाळेत जाईल, थराची जाडी मोजली जाईल. रोलरवर त्या रात्री कोण होते, त्याला ते यंत्र कोणी शिकवले आणि त्याने किती वेगाने किती फेऱ्या मारल्या, याची नोंद कोठून आणणार? निविदेत रोलर किती टनी हवा हे लिहिता येते, तसे प्रशिक्षित ऑपरेटरचे प्रमाणपत्र मागणेही अशक्य नाही. त्यासाठी पालिकेला वेगळा निधी लागत नाही. पावसाळ्यानंतरची कामे सुरू होण्याआधी एखाद्या मोकळ्या मैदानावर, गरम डांबर न घालता, अर्धा दिवस दांडा पुढे-मागे करून घेतला तरी दिशा बदलतानाचा गचका बराच कमी होतो. वेगाची आणि फेऱ्यांची नोंद ठेवणारी उपकरणे नव्या रोलरवर बसवता येतात. ती मागायची की नाही, हे निविदा लिहिणाऱ्या अभियंत्याच्या हाती आहे.