तंबोऱ्याच्या चार तारा

आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत एका गृहस्थांनी पाऊण तास पडद्यावर तक्ते दाखवले. मोठमोठ्या कंपन्यांत आयुष्य गेलेला माणूस, बोलण्यात सफाई. म्हणणं थोडक्यात असं: प्रेक्षक हा ग्राहक आहे, जो कार्यक्रम आपला खर्च भरून काढत नाही तो बंद करावा, देणग्या आणि अनुदानं मागणं ही भीक आहे, कार्यकारिणी मोडून पगारी अधिकारी नेमावा, आणि हे शहाणपण नव्हतं म्हणूनच गंधर्व नाटक मंडळी बुडाली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा राग अजून उतरलेला नाही.

किरकोळ मुद्दे आधी. पगारी अधिकारी खुशाल नेमा, पण त्यानं काय करायचं हे ठरवणारी माणसं आधी लागतील. प्रेक्षक तिकीट काढताना ग्राहक असतो, हे खरं. तिसरी घंटा झाल्यावरही तो ग्राहकच राहिला, तर तो प्रयोग पडला.

माझं खरं भांडण आहे ते ‘खर्च भरून काढत नाही’ या चार शब्दांशी. का भरून निघत नाही, हा प्रश्न त्यांनी पाऊण तासात एकदाही विचारला नाही. त्याचं उत्तर बेंगळुरूतल्या आमच्या यशवंतपुरातच होतं. इथल्या बाजार समितीच्या आवारात महाराष्ट्रातला कांदा येतो. बैलगाडीच्या काळात जेवढा माल न्यायला गाड्यांची रांग आणि तेवढेच गाडीवान लागत, तेवढा आज एक ट्रक वाहतो. माणशी काम कितीतरी पटींनी वाढलं, म्हणून ड्रायव्हरचा पगार वाढला तरी व्यापाऱ्याला परवडतं. आता १८८२ साली रंगभूमीवर आलेलं ‘संगीत सौभद्र’ घ्या. अर्जुनाला एक नट लागतो, सुभद्रेला एक, कृष्णाला एक, बलरामाला एक. तबल्यावर एक माणूस, सुरांच्या साथीला एक. तेव्हाही तसंच आणि आजही तसंच. तालमीला लागणारे महिने कुठलंही यंत्र कमी करत नाही. पण या सगळ्यांना घरभाडं भरायचंय ते आजच्या बेंगळुरूचं.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा हाच आहे. चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार वादक लागत होते, आजही चारच लागतात. कारखान्यातलं उत्पादन वाढतं, तिथले पगार वाढतात, आणि त्या पगारांच्या मागे कलावंतांचं मानधनही वाढवावं लागतं. इथलं उत्पादन मात्र जागच्या जागी. म्हणजे चांगला कारभार असूनही तूट येते आणि दर वर्षी थोडी रुंदावते. ज्याला व्यवस्थापनाचं पुस्तक नीट माहीत आहे, त्यानं हे पान वगळून यावं? तंबोऱ्याला चार तारा असतात. खर्च कपातीत एक कमी करा म्हणणारा माणूस काटकसर करत नाही, तंबोरा बंद करतो.

सभेनंतर चहाच्या वेळी एकानं मला अडवलं: पूर्वीचं संगीत नाटक रात्रभर चालायचं, आता तीन तासांत आटोपतं, मग वेळ वाचलाच की. वाचला तो प्रेक्षकाचा. रंगमंचावरची माणसं तेवढीच राहिली आणि पदं कापली गेली. कमी माल देऊन तोच खर्च करणं याला उत्पादकता म्हणत नाहीत.

माणशी काम खरोखर वाढवणारी एक युक्ती निघाली होती, ती म्हणजे बोलपट. एकदा गायचं आणि शंभर गावांत ऐकवायचं. ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ साली आला, आणि इथेच त्या गृहस्थांचं लाडकं उदाहरण कोसळतं. बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे तिच्या हिशेबात ढिलाई झाली, वस्त्रांवर, अत्तरांवर आणि सजावटीवर पैसा पाण्यासारखा गेला, कर्ज झालं, हे मी लपवत नाही. पण मग किर्लोस्कर नाटक मंडळी का टिकली नाही? मास्टर दीनानाथांची १९१८ साली निघालेली बळवंत संगीत मंडळी का टिकली नाही? सगळ्यांचेच मालक सारखे उधळे होते काय? खुद्द बालगंधर्व १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त उभे राहिले. सबंध धंद्याखालची जमीन सरकली होती. तो दोष एका माणसाच्या अत्तराच्या कुप्यांवर ढकलायचा आणि नव्वद वर्षांनी त्यातून धडा काढायचा, हा अन्याय आहे.

आणि भीक म्हणाल, तर यशवंतपूर मेट्रो स्टेशनपासून जवळच भारतीय विज्ञान संस्था आहे, आम्ही जुने लोक तिला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतो. जमशेटजी टाटांची संपत्ती, म्हैसूर संस्थाननं दिलेली ३७१ एकर जमीन आणि सरकारी पैसा यांतून १९०९ साली ती उभी राहिली. तिथल्या प्रयोगशाळांना तिकिटांवर जगा असं कुणी सांगत नाही, आणि सांगू नये. विज्ञानाला दिलं की तो दूरदृष्टीचा उपक्रम आणि गाण्याला दिलं की कटोरा, हा भेद कुठल्या शास्त्रात बसतो?

फुकट घेणाऱ्यांचंच बोलायचं, तर आमच्याकडे पासांवरून जुना वाद आहे. मी वर्षानुवर्षं म्हणतोय की पास बंद करा, पहिल्या दोन रांगांतल्या मान्यवरांचे आधी. दर वेळी हरलो. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या हातांत किती पास होते, ते मला माहीत आहे.

मग करायचं काय? यशवंतपूरहून मेट्रोच्या हिरव्या मार्गानं जे.पी. नगरपर्यंत जावं आणि ‘रंगशंकरा’ पाहावं. कन्नड नट-दिग्दर्शक शंकर नाग १९९० साली अपघातात गेले. मुंबईत मराठी नाटकं केलेल्या त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी, सरकारनं दिलेल्या जागेवर, लोकांकडून पैसा उभा करून २००४ साली ते नाट्यगृह उघडलं. सोमवार सोडून रोज नाटक, नाटकमंडळींना परवडेल असं भाडं, आणि वेळ झाली की दार बंद, मग बाहेर कुणीही उभा असो. व्यवस्थापन म्हणतात ते हे. आधी ठरवलं की रोज नाटक व्हायला हवं, मग त्यासाठी पैसा कुठून आणायचा ते शोधलं. आमच्या पाहुण्यांचा क्रम नेमका उलटा होता.

आमचं मंडळ एवढं मोठं नाही. तरी पुढच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. पास कुणालाही नाहीत, कार्यकारिणीलाही नाहीत. कलावंताचं पाकीट प्रयोगाआधी त्याच्या हातात. पै-पैचा हिशेब सभेत मोठ्यानं वाचायचा. आणि अंदाजपत्रकात शास्त्रीय गायनाच्या चार बैठकांसमोर अपेक्षित तूट आकड्यात लिहायची, तिच्यासाठी देणगी एप्रिलमध्येच मागायची, ताठ मानेनं. पहिली देणगी मी लिहून नेणार आहे.