अडखळणारी जीभ, बोलकी गिटार

पालकसभेत एका अम्मींनी आम्हाला विचारले, "सर, माझा मुलगा बोलताना अडखळतो. पोरं हसतात त्याला. याचं पुढं कसं होणार?" आम्ही काहीतरी धीराचे बोललो, पण ते आम्हालाच पटले नाही. नीट उत्तर आज देतो.

लंडनमध्ये १९४९ साली एका पोलिसाच्या घरी रिचर्ड थॉम्पसन जन्मला. हाही मुलगा बोलताना अडखळे. हातात गिटार आली आणि जे जिभेला जमत नव्हते ते बोटे बोलू लागली. १९६७ मध्ये, अठराव्या वर्षी, तो 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या रॉक बँडचा गिटारवादक झाला. गावोगाव कार्यक्रम आणि रात्रीचा परतीचा प्रवास. मे १९६९ मध्ये बर्मिंगहॅमहून परतताना त्यांच्या व्हॅनला अपघात झाला. एकोणीस वर्षांचा ड्रमर आणि रिचर्डची मैत्रीण दगावली. रिचर्ड वाचला.

१९७१ मध्ये त्यांनी बँड सोडला. आता गाणी स्वतः लिहायची आणि स्वतःच गायची. १९७२ चा 'हेन्री द ह्यूमन फ्लाय' हा पहिला अल्बम साफ पडला. समीक्षकांनी झोडपले, गिऱ्हाईक फिरकले नाही. पुढे पत्नी लिंडा यांच्यासोबत ते गाऊ लागले. त्याच सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारला व सूफी जमातीत राहू लागले. काही काळ संगीत जवळजवळ थांबवून जुन्या वस्तूंचा व्यापार केला. १९७८ मध्ये नव्या अल्बमसह ते परतले. नंतर संसार मोडला, पण गाणे सुटले नाही. एक गिटार घेऊन ते एकटेच श्रोत्यांपुढे उभे राहू लागले. २०११ मध्ये त्यांना ब्रिटनचा 'ओबीई' हा किताब मिळाला.

संगीताविषयी आपल्या घरांत मतभेद आहेत. तो वाद आम्ही इथे काढत नाही. आम्हाला दिसतो तो पहिल्या अपयशानंतरही उभा राहिलेला माणूस.

अम्मी, तुमचा मुलगा गाईल, चित्र काढेल की मोटार दुरुस्त करेल, आम्हाला ठाऊक नाही. एवढेच करा : तो अडखळला की त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. सब्र ठेवा, त्याच्याकडे पाहत ऐका. वर्गात आम्हीही आता तेच करतो. परवा त्याने आख्खा धडा वाचला. वेळ लागला, पण कोणी हसले नाही.