लोणारचं खरं गूढ व्हिडिओत नाहीच!

पणदऱ्याहून एसटीने बारामतीला पोचेपर्यंत मोबाइलवर एक 'डॉक्युमेंटरी' आरामात बघून होते. लोणार सरोवरावरच्या अशा कितीतरी व्हिडिओंचा साचा ठरलेला. भीतीदायक म्युझिक, ड्रोन शॉट आणि 'शास्त्रज्ञही हैराण!'

जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, हे खरं. पण आपल्या पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून त्याचं उत्तर दिलंय. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले 'हॅलोआर्किया' सूक्ष्मजीव फोफावले. ते तळाशी बसल्यावर रंगही ओसरला.

मग गूढ उरलंच नाही का? उरलंय ना! अशनीच्या आघाताने झालेल्या या विवराचं वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं येतं, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटींहून जास्त फरक! खरी स्टोरी इथे आहे. पण त्यासाठी अभ्यास करावा लागतो, गडगडाटी म्युझिक पुरत नाही.

सुटलेलं कोडं 'न सुटलेलं' म्हणून विकलं, की विज्ञानाला काहीच कळत नाही असं वाटू लागतं. तेव्हा पुढच्या वेळी एवढंच बघा : त्या 'हैराण' शास्त्रज्ञाचं नाव सांगितलंय का? नसेल, तर फॉरवर्ड करू नका.