मी तिला सोडलं, पण...!

शीर्षक वाचून ज्यांनी घाईघाईने हे पान उघडलं, त्यांची निराशा होणार आहे. ही प्रेमकथा नाही. 'ती' म्हणजे सिगारेट. ज्यांना आता पान उलटायचंय त्यांनी खुशाल उलटावं. पण हॉस्टेलच्या गच्चीवर, नाहीतर गेटबाहेरच्या टपरीवर जे मला भेटलेले आहेत, त्यांनी पाच मिनिटं थांबावं ही विनंती.

आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण धुळ्याला कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे माझं मराठी म्हणजे मेसची डाळ : पातळ, आणि मधूनच खडा लागतो. मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर सांगायच्या, वाईट सवय ही पायरी आहे, एक उतरलात की दुसरी आपोआप येते. आम्ही वहीत लिहून घ्यायचो आणि दहापैकी दहा मार्क मिळवायचो. पायरी कशी दिसते ते मात्र जळगावला येऊन कळलं. फर्स्ट इयरचं सबमिशन, रात्रीचे दोन, ड्रॉइंगच्या शीट्स अपुऱ्या आणि सिनियरने पुढे केलेली एक सिगारेट. "घे भो, झोप उडेल." झोप उडाली. शीट्स तरीही अपुऱ्याच राहिल्या!

पुढची गोष्ट सगळ्यांची सारखीच असते. आधी दुसऱ्याच्या पाकिटातली, मग स्वतःच्या. आधी सबमिशनला, मग व्हायव्हाला, मग जेवणानंतर, मग काहीच कारण नसताना. दीड वर्षात दिवसाला सात-आठपर्यंत मजल गेली.

घागरीजवळचं बंडल

गेल्या आखाजीला गावी गेलो होतो. पारोळा तालुक्यात आमचं गाव आहे. आजोबा जाऊन वर्ष व्हायचं होतं, त्यांच्या नावाची पहिलीच घागर भरायची होती. घागरीवर खरबूज, सांजोऱ्या, आंबे, सगळं मांडून झालं. आजी आत गेली आणि फडताळातून एक बिडीचं बंडल घेऊन आली. घागरीशेजारी ठेवलं. "त्यांना आवडायची," एवढंच म्हणाली. आजोबा फुफ्फुसाच्या आजाराने गेले हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणीच काही बोललं नाही. माझ्या खिशात तेव्हा पाकीट होतं. नमस्काराला वाकलो तर ते बाहेर डोकावलं. मी हाताने आत ढकललं. वडिलांनी पाहिलं की नाही, मला आजही माहीत नाही.

त्या संध्याकाळी पाकीट विहिरीमागच्या उकिरड्यात टाकलं. सोडली ती तिथं.

पहिले तीन-चार दिवस काय झालं ते ज्यांनी सोडून पाहिलीय त्यांना सांगायला नको. चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही, पुस्तकातली एक ओळ पाच वेळा वाचायची. त्याला कारण आहे. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, आणि मेंदू पुढची सिगारेट मागायला लागतो. आपल्याला वाटतं सिगारेटने टेन्शन जातं. खरं तर बरंचसं टेन्शन मागच्या सिगारेटनेच आणलेलं असतं! हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिन पकडणारे रिसेप्टर्स वाढलेले असतात, तेही दोन-तीन महिन्यांत पुन्हा न ओढणाऱ्यासारखे होतात. महिना काढला तेव्हा मला वाटलं, संपलं! सुटलो!

चौथा महिना

ऑगस्टमध्ये शनिवारी घरी चाललो होतो. धुळ्याला एस.टी.तून उतरलो. पाऊस नुकताच पडून गेलेला, मातीचा वास, हातात गरम चहा. शाळेतला मित्र भेटला. त्याने बोलता बोलता पाकीट पुढे केलं. चार महिने डोक्यात नसलेली गोष्ट एका सेकंदात डोक्यात आली. ओढलीच. पहिल्या झुरक्याला खोकला आला, चक्कर आली, मजा अजिबात आली नाही. आणि तरी रविवारी संध्याकाळी परत येताना मी एक पाकीट विकत घेतलं. पुढचे नऊ दिवस पुन्हा जुनाच मी.

मित्रांनो, हा लेख त्या नऊ दिवसांसाठी आहे. सिगारेट वाईट असते हे सांगायला नाही. ते पाकिटावर चित्रासकट छापलेलं असतं आणि आपण ते चित्र बघत बघतच ओढतो. मला सांगायचंय ते वेगळं. 'सोडणे' आणि 'सुटणे' या दोन गोष्टी आहेत. सोडायला एक संध्याकाळ लागते. पुढचं जे असतं, त्याबद्दल आपल्याकडे कोणीच बोलत नाही.

त्या नऊ दिवसांत सगळ्यात जास्त त्रास सिगारेटने दिला नाही, तर 'आपण साले कमजोर' या विचाराने दिला. चार महिन्यांनंतरही तलब येते म्हणजे आपल्यात विलपॉवरच नाही, मग कशाला धडपडायचं? हे लॉजिक ऐकायला बरोबर वाटतं, पण ते चूक आहे. शरीरातलं निकोटिन केव्हाच गेलेलं असतं. राहते ती आठवण. घंटेच्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटणारा पाव्हलॉवचा प्रयोग शाळेत वाचला होता. चहा, पाऊस, जेवणानंतरची वेळ, व्हायव्हाचा कॉरिडॉर, या आपल्या घंटा आहेत. त्या महिन्यांनी वाजतात, काहींना वर्षांनीही वाजतात. वाजल्या म्हणजे आपण हरलो असं नाही.

दिवाळीत हे सगळं आजीला सांगितलं. का कोणास ठाऊक, आईवडिलांना सांगता येत नाही ते आजीला सांगता येतं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती हसली. म्हणाली, "तुना आजानी बिडी सोडी व्हती, बापू. पन बिडीनी त्यासले कोठे सोडं व्हतं!" मला हे माहीतच नव्हतं. आजोबांनी शेवटची सहा वर्षं बिडी ओढली नव्हती. उशीर झाला होता, पण ओढली नव्हती. मात्र जेवण झालं की हात बंडीच्या खिशात जायचाच. म्हणून आजीने त्या खिशात फुटाणे ठेवायला सुरुवात केली. हात जायचा, फुटाणे यायचे. सहा वर्षं, दिवसातून दोनदा!

मशीन्स लॅबमधलं उत्तर

मी इलेक्ट्रिकलचा. सेकंड इयरला डी.सी. शंट जनरेटरचा प्रयोग सगळ्यांनी केलाय, निदान जर्नलमध्ये तरी. फिल्डचा करंट बंद केला तरी पोलमध्ये थोडं चुंबकत्व उरतं, रेसिड्युअल मॅग्नेटिझम. त्या एवढ्याशा उरलेल्यावरच जनरेटर पुन्हा पूर्ण व्होल्टेज उभं करतो. थोडं व्होल्टेज, त्याने थोडा फिल्ड करंट, त्याने आणखी व्होल्टेज... माझी धुळ्याची एक सिगारेट आणि पुढचे नऊ दिवस म्हणजे नेमकं हेच! "एकाने काय होतंय?" याचं उत्तर मॅन्युअलमध्येच होतं.

पण त्याच प्रयोगात दुसरी गोष्टही आहे. फिल्ड सर्किटचा रेझिस्टन्स क्रिटिकल रेझिस्टन्सपेक्षा जास्त ठेवला तर व्होल्टेज बिल्ड-अप होत नाही. मीटरवर दोन-चार व्होल्ट दिसत राहतात, बस. म्हणजे उरलेलं चुंबकत्व शून्य झालंच पाहिजे असं नाही, रेझिस्टन्स तेवढा वर ठेवायचा. आजोबांचे फुटाणे म्हणजे तो रेझिस्टन्स होता.

माझा रेझिस्टन्स काय? साध्या गोष्टी आहेत. तलब आली की घड्याळ बघतो. एकेक लाट काही मिनिटांचीच असते, दहा मिनिटं टाळली की बहुतेक वेळा उतरते. पाणी पितो. जेवण झालं की टेबलावर बसत नाही, लगेच उठून चालायला लागतो. रविवारी सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारतो. आणि हो, खिशात फुटाणे असतात. माझ्या रूममेटला सांगून ठेवलंय की मी बारा वाजता विनाकारण भांडायला लागलो तर उत्तर देऊ नको, फुटाणे दे. ज्यांना एवढ्याने भागत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारावं, निकोटिनचं च्युइंगम आणि औषधं यासाठीच असतात. पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. आपण पाकीट इतक्या वेळा हातात घेतो, नंबर कधी वाचत नाही. ती सरकारची मोफत क्विटलाइन आहे, २०१६ पासून चालू आहे. फोन केला म्हणजे आपण 'पेशंट' झालो असं काही नाही.

पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथून बाहेर पडलेल्यांसाठी फॉलो-अपच्या सभा होतात. का? कारण त्या लोकांना माहीत आहे की खरं काम व्यसन सोडल्यानंतर सुरू होतं. आपण मात्र सोडणाऱ्याला टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच समोर पेटवतो.

आता थोडं कडू

पहिलं, मित्रांना. "साधू झाला का रे?", "एक घे, तुला कोण बघतंय?" हे गंमतीत म्हणता, माहीत आहे. मीही इतरांना म्हटलंय. पण समोरचा त्या क्षणी लढत असतो आणि तुम्ही दुसऱ्या टीममध्ये खेळत असता. नाही ओढली तर नाही, विषय बदला. आणि जे मला हसतात आणि तळहातावर तंबाखू-चुना मळत असतात, त्यांनी एक आकडा बघावा. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के. धूर निघत नाही म्हणून निकोटिन बदलत नाही भो!

दुसरं, आदरणीय सरांना. कायदा २००३ चा आहे. कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे, २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढण्याचे नियम कडक झालेत, २०२० पासून राज्यात सुटी सिगारेट विकायलाही बंदी आहे. दंड व्हायलाच पाहिजे, माझी तक्रार नाही. पण दंडाने मुलगा गच्चीवरून पार्किंगमागे जातो, एवढंच. (तिथे त्याला कधी कधी स्टाफमधलंही कोणी भेटतं. जास्त लिहीत नाही, इंटर्नल मार्क्स बाकी आहेत.) ३१ मे ला आपण पोस्टर लावतो, शपथ घेतो. चौथ्या महिन्यात "कसं चाललंय?" असं विचारणारं कोणी असेल तर ती शपथ टिकेल. महिन्यातून एक तास, एक रिकामी वर्गखोली, आणि ज्यांनी सोडलीय किंवा सोडायचीय त्यांना रजिस्टरमध्ये नाव न लिहिता बसू द्या. बाकी आम्ही बघून घेऊ.

तिसरं, मेस कमिटीला. ही मागणी ऐकून हसू नका. रात्री साडेदहाला चहा द्या! विशेषतः सबमिशन आणि पी.एल.च्या दिवसांत. रात्री हॉस्टेलच्या मुलाला चहा हवा असेल तर आज एकच जागा आहे, टपरी. चहासाठी जातो आणि सिगारेट घेऊन येतो. माझी अर्धी व्यसनं चहाच्या निमित्ताने लागली. कप भर चहाचे पैसे आम्ही वेगळे देऊ.

काहीजण म्हणतील, ज्याचं त्याने बघावं, विलपॉवर असली की सगळं होतं. काहींचं होतही असेल, एका झटक्यात. त्यांना नमस्कार. माझं तसं नाही झालं, आणि माझ्यासारखे जास्त आहेत असं मला गच्चीवरच्या गर्दीवरून वाटतं.

हे सगळं मासिकात नावासकट छापायला धीर कुठून आला असं एकाने विचारलं. फर्स्ट इयरला आपली सहल गांधी तीर्थला गेली होती. गांधीजींनी लहानपणी काकांच्या विड्यांची थोटकं गोळा करून ओढली, त्यासाठी पैसेही चोरले, हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय. तेव्हा आम्ही मागच्या रांगेत हसलो होतो. आता वाटतं, लिहिलं म्हणून बरं झालं.

धुळ्याच्या त्या प्रकारानंतर नऊ दिवसांनी पुन्हा सोडली. आज लिहिताना सहा महिने होत आलेत. कालही तलब आली होती, जेवणानंतर, आठ वाजून वीस मिनिटांनी. साडेआठला गेली. उद्या परत येईल कदाचित.

येऊ दे. फुटाणे आहेत. लागले तर रूमवर या, पण काडेपेटी बाहेर ठेवून!